पौषातली हळद

"बाई, जरा हे धरता का? घट्ट धरा... पण गळा नका दाबू!"

प्रेमकथांमध्ये नायकाने उच्चारायच्या पहिल्या वाक्याविषयी माझे वाचन विस्तृत आहे. त्यात हे वाक्य कोठेही नाही. उत्तराची वाट न पाहता त्या गृहस्थाने एक ओला, जड, संतापलेला पक्षी माझ्या कवेत कोंबला. कोसमटोल्याच्या तलावाच्या पाळीवर, म्हणजे मातीच्या बांधावर, मी नुकतीच छकड्यातून उतरले होते. अंगावर आईची शाल, गळ्यात दुर्बीण आणि मनात एक थंड, नीट घडी घालून ठेवलेला राग. शालीचा काठ त्या पक्ष्याने तत्काळ चोचीत धरला. पाण्यावर धुके होते. धुक्यातून कापलेल्या धानाच्या ओल्या खुंटांचा वास येत होता. आणि माझ्या हाताखाली एक काळीज (माझे नव्हे) अतिशय वेगाने धडधडत होते.

मग मी खाली पाहिले. पांढरे डोके. डोक्यामागे दोन काळे पट्टे, एकाखाली एक, काजळाच्या बोटाने ओढल्यासारखे. मानेच्या दोन्ही बाजूंनी उतरत गेलेली पांढरी रेघ...

"हंस," मी म्हणाले. आवाज माझाच होता, पण मी तो ओळखला नाही.

"हौ." तो गृहस्थ पायऱ्यांवर गुडघे टेकून पक्ष्याच्या पंखात रुतलेले मासळीचे जाळे कात्रीने कापत होता. विजार पोटरीपर्यंत दुमडलेली, स्वेटरच्या कोपराला भोक. "प्रेमलालच्या जाळ्यात फसला रातच्याले. मान कापली, पंख सोलला. तुमी पयल्यांदाच पाहून राह्यल्या का?"

"पुस्तकांबाहेर... हो. पहिल्यांदाच."

"मंग नीट पाहा. त्यानं बी पुस्तकवाली पयल्यांदाच पाह्यली असन."

त्याने वर पाहिले आणि हसला. मी हसले नाही. पण न हसण्यासाठी मला काही श्रम पडले, हे नोंदवणे आवश्यक आहे.

हे गुणाकर. कटंगीच्या सरकारी दवाखान्यातले गुरांचे डॉक्टर. शिक्षण जबलपूरचे, घर याच मुलखातले धानशेतीचे. त्यांनी औषधांची पेटी उघडली. आत एक रिकामी बाटली होती. त्यांनी ती उलटी करून पाहिली, सरकारविषयी हिंदीत काही उद्गार काढले आणि घाटावर धुणे धूत असलेल्या बायकांकडे वळून हाक मारली, "गोदामाय! हळद आन वो वाटीभर, तेलात कालवून!"

गोदाबाईंचे घर पाळीला लागूनच. हळद आली. गुणाकरांनी बोटे बुडवली. तेवढ्यात कपाळावर केस आले, ते त्यांनी त्याच हाताने मागे सारले. कपाळभर पिवळा पट्टा उमटला. मग त्यांनी पक्ष्याची मान हळदीने माखली. पक्ष्याला हा उपचार मान्य नव्हता. त्याने मान जोराने झटकली आणि उरलेली हळद माझ्या डाव्या गालावर सपकन येऊन बसली.

घाटावरचे धोपटणे थांबले. मग बायकांचे हसू पाण्यावरून असे पसरत गेले की तलावाच्या मध्यावर बसलेल्या हंसांनीही माना वर केल्या.

"अवो बाई बाई..." गोदाबाई कमरेवर हात ठेवून म्हणाल्या. गावातले एकही लग्न त्यांच्या गाण्यांवाचून लागत नसे. "हे का केलं डॉक्टर? पयले तुमच्या कपाळाले, मंग करवल्याले, अन् उरलेली पोरीच्या गालाले! उष्टी हळद लागली की पोरीले!"

आमच्याकडे लग्नाची हळद आधी नवऱ्या मुलाला लागते. त्याच्या पाठराखणीला बसलेल्या करवल्याला लागते. आणि त्यातून उरलेली, उष्टी, वाजतगाजत नवरीकडे जाते. क्रम चुकत नाही. येथेही चुकला नव्हता.

"हा औषधोपचार आहे," मी वर्गात वापरते त्या आवाजात सांगितले.

"हौ, हौ. लगीन बी औषधच असते माय, कोनाकोनाले लागू पडते."

"पन गोदामाय, पौष चालू आहे," मैनाबाई नावाच्या एक बाई कपडे पिळता पिळता म्हणाल्या. "पौषात हळद कोन लावते?"

"लावली ना या येड्यानं! आता लगीन माघात. तवरिक नवऱ्यानं शीव नाही ओलांडाची, अन् हळदीच्या आंगाले कोनी हात नाही लावाचा."

गुणाकरांचे कान लाल झालेले मी पाहिले. पिवळ्या कपाळाखाली ते फार उठून दिसत होते.

येथे माझ्या रागाविषयी सांगितले पाहिजे. कारण मी तलावावर प्रेमासाठी आले नव्हते, पुराव्यासाठी आले होते. मी बालाघाटच्या एका महाविद्यालयात संस्कृत शिकवत असे आणि काव्यातील पक्ष्यांवर प्रबंध लिहीत असे. माझे म्हणणे साधे होते. जुन्या कवींचा हंस हा कल्पनेतून उडालेला पक्षी नाही. हिवाळ्यात हिमालय ओलांडून आपल्या तलावांवर उतरणारा हाच तो राखी, डोक्यावर पट्टे असलेला पाहुणा. दिनदर्शिकेवर छापतात तो लांब मानेचा शुभ्र पक्षी परदेशातला. आपल्याकडच्या कवींनी त्याच्यासाठी नदीकाठ झिजवले नव्हते. आमचे प्राचार्य हेच माझे मार्गदर्शक. त्यांचे नाव मी येथे लिहीत नाही. छापील पृष्ठांवर ते पुरेसे आलेले आहे. त्यांनी ते संपूर्ण प्रकरण तांबड्या शाईने खोडले आणि समजावणीच्या स्वरात म्हणाले, "आशालताबाई, हंस हा पक्षी नव्हे. हंस हा कविसंकेत आहे."

त्याच आठवड्यात त्यांच्या घरी जेवणाचा प्रसंग आला. कोणीतरी शिकारीचा विषय काढला. प्राचार्य दात कोरीत म्हणाले, "हंस? खाल्लाय की. कटंगीकडच्या तलावावर पुष्कळ असतात. जरा चिवट लागतो."

कविसंकेत चिवट लागू शकतो, हे मला तोवर ठाऊक नव्हते. ज्या हाताने माझा हंस खोडला त्याच हाताने तो खाल्ला होता. माझी नेमणूक कायम व्हायची होती आणि सही त्यांची लागत होती. मी फक्त भात कालवला. पण संक्रांतीच्या सुटीत शांतामावशीकडे निघाले. ती कोसमटोल्याच्या शाळेत शिकवत असे, आणि तिच्या अंगणातून तो तलाव दिसे.

जखमी पक्षी त्याच अंगणात, कोंबड्यांच्या डालीखाली राहिला. त्यामुळे डॉक्टरांना सकाळ-संध्याकाळ यावे लागे. सकाळ-संध्याकाळ येण्याइतकी जखम मोठी होती का, हा प्रश्न शांतामावशीने एकदा विचारला. त्यानंतर ती चहा टाकायला आत गेली आणि बराच वेळ आतच राहिली.

"याच्याशी संस्कृतात बोला," डाल उचलत गुणाकर म्हणाले. "माह्या बोलीले तं ऐकूनच नाही राह्यला."

"तो संस्कृत काव्यातला असला तरी राहणारा तिबेटाकडचा आहे."

"म्हंजे तुमच्यासारखाच. बसते अठी अन् पाहते दूर."

मी त्यांच्याकडे पाहिले. ते पट्टी बांधण्यात अतिशय गढून गेले होते... वाजवीपेक्षा जास्तच.

"असं म्हणतात," मी विषय बदलला, "की दूध आणि पाणी एकत्र करून ठेवले, तर हंस त्यातले दूध तेवढे पितो."

"पाहू ना मंग!"

त्यांनी खरोखरच मावशीकडून वाटीत दूध-पाणी मागून आणले आणि पक्ष्यासमोर ठेवले. पक्ष्याने वाटीकडे एका डोळ्याने पाहिले, मग दुसऱ्या डोळ्याने पाहिले, आणि आपला नारिंगी पाय तीत ठेवून ती उलटी केली. अर्धी माझ्या पातळावर, अर्धी त्यांच्या विजारीवर.

"झालं वेगळं," गुणाकर म्हणाले. "दूध तुमच्याकडे आलं, पानी माह्याकडे. पाखरू मोठं हुशार आहे, आशालताबाई. कोनाले का द्याचं ते त्याले कळते."

या वेळी मात्र मी हसले. फार दिवसांनी हसले की आवाज आधी थोडा गंजलेला येतो.

संध्याकाळी पाळीवर आम्ही बसत असू. मावशीच्या मर्यादेत म्हणजे तिच्या अंगणातून दिसू अशा जागी. धानानंतर पेरलेल्या लाखोळीच्या डाळीची निळी फुले बांधाबांधावर मिटत असत. सारसांची एक जोडी रोज त्याच चिखलात उतरे. एकाने मान वर केली की दुसरा करी. कमळाच्या पानांवरून लांब बोटांचे पक्षी चालत जात आणि पान बुडत नसे. मी त्यांची जुनी नावे सांगे, गुणाकर त्यांची गावातली नावे सांगत, आणि दोघांच्या मध्ये तो पक्षी नावावाचून चालत राही. एकदा त्यांनी दुर्बीण मागून घेतली आणि माझ्याकडे रोखली.

"तुमी लय दूर दिसून राह्यल्या."

"दुर्बीण उलटी धरली आहे आपण."

"हौ का? मंग... सुलटी धरू?"

सूर्य पाण्यात उतरत होता आणि माझ्या गालावरचा हळदीचा डाग, दोनदा साबण लावूनही, अजून गेला नव्हता.

शनिवारी दुपारी प्रेमलाल अंगणात आला. तो ढीवर, म्हणजे मासेमार, तलावातल्या डोंग्यांचा मालक. लाकूड कोरून केलेल्या त्या अरुंद होड्या त्याच्याशिवाय कोणाला सरळ चालवता येत नसत.

"डॉक्टरसाब, तुमचं पाखरू आजच सोडा. नाहीतं डालीतच ठेवा. उद्या बंदुका येऊन राह्यल्या."

"कोणाच्या?" मी विचारले.

"बालाघाटचे बडे साहेब. मागच्या साली बी आलते. गोळी घालाच्या आंधी श्लोक म्हनते तो."

साऱ्या जिल्ह्यात असे एकच गृहस्थ होते, आमचे प्राचार्य.

येथली शिकार कशी चालते, हे प्रेमलालने सांगितले. हंस रात्री वावरात चरतात आणि दिवसभर तलावाच्या मध्यावर बसतात. तेथवर छर्रा पोचत नाही. म्हणून डोंगे पाण्यात घालायचे, थवा उठवायचा, पाळीवरच्या बंदुकांवरून हाकायचा. डोंगा नसेल तर शिकारही नाही.

"मग नेऊ नकोस डोंगा!"

प्रेमलालने मान खाली घातली. "बाई, डोंगा माहा आहे, पन शब्द गावाचा आहे."

त्या संध्याकाळी मी गावाच्या पारावर गेले आणि बोलले. चांगले बोलले असावे. मला बोलण्याचाच पगार मिळत असे. जमलेल्या शेतकऱ्यांनी सारे शांतपणे ऐकून घेतले. मग मोतीलाल नावाचे एक वयस्क शेतकरी अदबीने उठले.

"बाई, तुमचा हंस पुस्तकात मोती खाते म्हनता. आमच्या वावरात तो लाखोळी खाते. साहेबानं चार मारले तं चार तोंडं कमी झाले. आमी काहून नाही म्हनाचं?"

माझ्यापाशी पुरावे होते, दाखले होते, तळटिपा होत्या. रातोरात चरल्या गेलेल्या मोतीलालांच्या वावराला देण्यासारखे त्यांत काही नव्हते.

परतताना गुणाकर बरोबर होते. डालीतला पक्षी आम्ही दोघांनी पाण्याकडे नेला. पंख भरला होता. मान अजून पिवळीधमक होती.

"डालीत ठेवला तर हा वाचेल," मी म्हणाले.

"अन् बाकीचे? तो एकटा वाचून का करन? पाहा कसा बोंबलून राह्यला त्याइच्यासाठी..."

मी हात सैल केले. तो पायऱ्यांवरून जरा डुलत, जरा लंगडत उतरला, पाण्यात शिरला, आणि शिरताक्षणी त्याचे लंगडणे संपले. मध्यावरून थव्याची हाक आली. तो पिवळा ठिपका दूर जात जात राखी रंगात मिसळला.

"उद्या तुमी अठी नका राहू," गुणाकर हळूच म्हणाले. "तुमची नोकरी त्याच्या हातात आहे. मले मावशीनं सांगतलं."

"आणि आपण?"

"म्या सरकारी मानूस. ढोराइचा डॉक्टर. पन पाळीवर उभं राहाले परवानगी नाही लागत." ते थांबले. "आशालताबाई, मले एक..."

"काय?"

"काही नाही. थंडी लय आहे. शाल नीट घ्या."

संक्रांत त्या वर्षी, अडुसष्ट साली, रविवारी आली होती. सकाळी गावातल्या बायका हळदीकुंकवाची ताटे, सुगडे आणि तीळ घेऊन पाळीवरच्या देवीला निघाल्या. मीही शांतामावशीबरोबर निघाले. धुके विरत होते, आणि नेमकी त्याच वेळी जीप आली.

प्राचार्य उतरले. अंगात शिकारीचा कोट, डोक्यावर फेल्ट हॅट, पाठीमागे दोन मित्र, तीन बंदुका आणि एक थर्मास. मला पाहून त्यांनी हॅट उचलली; सौजन्यात ते कधीच कमी पडत नसत.

"आशालताबाई! आपण आणि येथे? उत्तम. आज आपल्याला कविसंकेत जवळून पाहता येईल." मग ते प्रेमलालकडे वळले. "चलो भई, डोंगे निकालो."

प्रेमलालने बांबू उचलला. एक पाय डोंग्यात ठेवला. मग डोळ्यांवर हात धरून तो तलावाच्या मध्याकडे पाहत राहिला. ऊन आता पाण्यावर आले होते, आणि राखी थव्याच्या बरोबर पुढे एक मान पिवळी, लखलखीत, सगळ्यांना दिसेल अशी उभी होती.

"गोदामाय," तो म्हणाला, "तो पाहा. हळदीचा."

"थांब रे प्रेमलाल." गोदाबाईंनी ताट खाली ठेवले. "पाय काढ डोंग्यातून."

"क्या हुआ?" प्राचार्यांनी विचारले.

"साहेब, ते पाखरू करवला आहे. त्याले हळद लागली. लगीन माघात आहे. तवरिक त्याले हात लावाचा नाही."

प्राचार्य मनापासून हसले. मित्रही हसले. "वा! पाहा आशालताबाई, लोकसाहित्य! बरे, बाई, तो एक सोडून देऊ. बाकीचे तर चालतील?"

"बाकीचे वऱ्हाडी आहेत," मैनाबाई म्हणाल्या.

मोतीलाल पुढे आले. त्यांच्या चेहऱ्यावर हसू नव्हते. "गोदामाय, एक सांग. हे मस्करीची हळद आहे का खरी? मस्करीची असन, तं डोंगा जाऊ दे. माही लाखोळी गेली आहे. पन खरी असन, तं ते वऱ्हाड झालं. मंग त्यानं माहं वावर खाल्लं तरी ते पाहुण्यानं खाल्लं. वऱ्हाडावर या गावानं कधी बंदूक नाही चालू देल्ली."

"ते मी कशी सांगू?" गोदाबाई म्हणाल्या. "हळद जिच्या गालाले लागली, तिले पूस."

सारी पाळ माझ्याकडे वळली.

मी अंधश्रद्धेवर दोन लेख लिहिलेले आहेत. हळद म्हणजे एक कंद, कंदाला गोत्र नसते, हे मी कोणालाही पटवून देऊ शकते. समोर माझे मार्गदर्शक उभे होते, त्यांच्या खिशात माझ्या भवितव्याची लेखणी होती, आणि त्यांच्या भुवया किंचित उंचावल्या होत्या. एका विदुषीने खेडवळ बायकांच्या देखत काय उत्तर द्यावे, याविषयी त्यांना तिळमात्र शंका नव्हती. औषधोपचार, एवढा एक शब्द. तो उच्चारला की डोंगे पाण्यात.

गुणाकर गर्दीतून माझ्याजवळ आले. आवाज फक्त मला ऐकू येईल इतका. पण त्या शांततेत तो सगळ्यांनाच ऐकू गेला असावा.

"पाखराइसाठी हौ नका म्हनू, आशालताबाई. पाखराइसाठी मानूस नाही पत्करत. म्या... म्या डोंग्यात जाऊन आडवा बसन पाहिजे तं. पन असं नका म्हनू."

त्यांच्या कपाळावर, केसांच्या रेषेपाशी, एक फिकट पिवळी कड अजून शिल्लक होती. म्हणजे त्यांचा साबणही माझ्याइतकाच निकामी होता; किंवा त्यांनी तो वापरलाच नव्हता.

"पक्ष्यांसाठी मी भांडले असते, डॉक्टर," मी म्हणाले. "भांडण मला येते. हो म्हणणे... ते मी माझ्यासाठी म्हणते आहे."

मग मी गोदाबाईंकडे वळले आणि वर्गाच्या शेवटच्या बाकापर्यंत पोचणाऱ्या आवाजात सांगितले, "हळद खरी आहे."

पुढे काय झाले, ते मला क्रमाने आठवत नाही. आनंदाला क्रम नसतो आणि मला त्याचा सराव नव्हता. गोदाबाईंनी हळदीची मूठ उचलली आणि माझा उजवा गाल डाव्याच्या बरोबरीला आणला, एवढे आठवते. बायकांनी हळदीचे गाणे उचलले. पौषात, भर पाळीवर, माघाची वाट न पाहता. प्रेमलालने डोंगा पाण्याबाहेर ओढला आणि काठावर पालथा घातला. दुसऱ्याने आपला घातला. मग तिसऱ्याने. मोतीलाल बंदुकांसमोर येऊन उभे राहिले आणि हात जोडून म्हणाले, "साहेब, आमचं वऱ्हाड आहे. तुमी बी थांबा. पन त्या काठ्या जीपमधी ठेवा."

प्राचार्य थांबले नाहीत. पाण्याच्या मध्यावर हंस होते, पाळीवर बायका होत्या, आणि या दोहोंच्या मधोमध त्यांना आपली सारी विद्वत्ता ठेवायला जागा उरली नव्हती. त्यांनी मला फक्त एकच विचारले, "आपण याचे परिणाम जाणता ना?"

"जाणते, सर. त्या प्रकरणात मी हेच लिहिले होते. हंस हा पक्षी आहे. लोकांनी त्याला डोळ्यांनी पाहिले, म्हणून त्याचा संकेत झाला. आपण नेमके तेच पान खोडले होते."

मी त्यांना तिळगूळ दिला. गोड बोलण्याचा आग्रह मात्र केला नाही. जीप वळली, आणि तिच्या धुरळ्याला की गाण्याला, कशाला कोण जाणे, पण सारा थवा एकदम उठला. पंखांचा तो आवाज... जणू कोणी आभाळाएवढे रेशमी वस्त्र फाडत होते. तो जीपच्या टपावरून, तीन बंद बंदुकांवरून, पुढे पिवळी मान घेऊन, एक मोठे, मुळीच घाई नसलेले वर्तुळ काढून गेला आणि परत आपल्या पाण्यात येऊन बसला.

माझी नेमणूक कायम झाली नाही, हे सांगायला नकोच. प्रबंध मी दुसऱ्या विद्यापीठात दिला. ते प्रकरण तेथे शब्दही न बदलता मान्य झाले. बाबांनी आठवडाभर मौन पाळले. मग, मुलगा मासळी फार खातो का, एवढेच विचारले, आणि ते आम्ही संमती म्हणून घेतले. लग्न माघात कोसमटोल्यालाच लागले. वऱ्हाड त्या वेळी तलावावरच होते. फाल्गुनात ते उत्तरेला गेले, तेव्हा गोदाबाईंनी पाळीवर उभे राहून त्याची रीतसर पाठवणी केली. त्या वर्षानंतर त्या तलावावर बंदुकीसाठी डोंगा निघाला नाही. पुढे वनखात्याने पाळीवर पाटी लावली: पक्ष्यांसाठी राखीव, शिकारीस मनाई. पाटीवर कारण लिहिलेले नाही. गावाला त्याची गरज भासली नाही.

पण हे सारे नंतरचे. त्या रविवारी, जीपचा धुरळा खाली बसल्यावर आणि बायका देवीकडे गेल्यावर, पाळीवर पालथे डोंगे उरले आणि आम्ही दोघे. माझे दोन्ही गाल पिवळे होते. गुणाकर पायाच्या अंगठ्याने माती उकरीत होते.

"म्या तं अजून तुमाले पुसलंच नाही," ते म्हणाले.

"मग पुसा."

"का पुसू? सगळ्या गावालेच तुमी सांगून मोकळ्या झाल्या."

"तरीही. माझ्या वाचनात आहे की नायकाने विचारायचे असते."

त्यांनी बराच विचार केला. मग बायकांच्या गडबडीत हळदीने माखलेला आपला हात पुढे केला... तळवा वर.

"बाई," ते म्हणाले, "जरा हे धरता का?"

"घट्ट?"

"घट्ट."

मी धरला.